स्पिंडल थांबेपर्यंत

नाचणगाव
१२ जानेवारी २०२५

प्रिय रत्नदीप,
जय भीम.

तू फोन उचलतोस, जेवलास का विचारलं की हो म्हणतोस, आणि मी दुकानाचं नाव काढलं की होसूरची रेंज जाते. म्हणून पत्र लिहायला घेतलं. आधीच सांगते, पत्र म्हटलं की माझा हात आपोआप शाळेतल्यासारखं शुद्ध लिहायला लागतो. दहावीला मराठीत पहिली आले होते, ते कधीतरी उपयोगी पडायला पाहिजे.

इकडे सगळं ठीक आहे. तुरीच्या शेंगा आल्या, तुझ्या वाटच्या सोलून मीच खाल्ल्या. तुझे बाबा सकाळी दुकानात जाऊन बसतात, रंधा हातात घेतात, ठेवतात. दुपारी बसस्टॉपवरच्या कट्ट्यावर जातात ते पाचला येतात. उजव्या हाताचं दुखणं आता नाही. करंगळी वाकत नाही आणि शेजारचं बोट अर्धंच आहे, पण भाकरी मोडता येते. तुझं नाव ते काढत नाहीत. तू त्यांचं काढत नाहीस. मधे मी आहे, दोघांचे निरोप न दिलेलेच पोचवते.

तू आणलेलं राउटर मशीन तू झाकून गेलास तसंच निळ्या ताडपत्रीखाली आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि मशीनने ती लाकडात कोरायची, हे बघायला पुलगावहून माणसं यायची, आठवतं ना? आता कोणी विचारत नाही. किल्ली तुझ्याकडे. मी फक्त वरची धूळ पुसते.

पुसता पुसता मनात आलं म्हणून विचारते. मशीन बंद केल्यावर तो फिरणारा दांडा, स्पिंडल म्हणतात ना त्याला, थांबायला किती सेकंद घेतो? आणि ते कोरणारं पातं, बिट, बदलताना लाइट मशीनवरची बंद करायची की भिंतीवरची मेन? सवडीने सांग. घाई नाही.

शनिवारी मी गुडघा दाखवायला वर्ध्याला जाते. डॉक्टर चांगले आहेत.

तुझी आई

&nbsp;

नाचणगाव
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नदीप,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, पण पत्र. पहिली ओळ, ‘मेन बंद करायची.’ दुसरी, ‘आई, तू काऊन विचारून राह्यली?’

तर ऐक. गुडघ्याचे डॉक्टर नाहीत. माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत.

सिंदी मेघेला एक ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे हेच मशीन शिकवतात. बचत गटाच्या बैठकीत कागद आला होता, ‘महिलांसाठी, दर शनिवारी’. महिला म्हणजे पहिल्या दिवशी बघितलं तर सगळ्या वीस-बावीसच्या पोरी. मी आत गेले तर एक उठून म्हणाली, “काकू, पालकांनी बाहेर बसायचं आहे.” मी म्हटलं, “पालक घरी बसले आहेत, मीच विद्यार्थी.”

शिकवायला रूपाली मॅडम आहेत. वय तुझ्याएवढंच, आवाज हवालदाराचा. त्यांनी पहिल्या तासाला मशीन दाखवलंच नाही. आधी आम्हाला उभं करून बघितलं. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “काकू, बांगड्या काढा. मंगळसूत्र आत. अन् ह्या पदराचं काय करायचं?” मी खोचला. त्या म्हणाल्या, “खोचलेला पदर सुटते. पुढच्या शनिवारी साडी चालणार नाई.”

आता तू हसू नकोस. तुझी कॉलेजची निळी पॅन्ट ट्रंकेत होती. कमरेला टाके घातले, खालून दुमडली, वर तुझ्या बाबांचा शर्ट. सकाळी मागच्या दाराने निघत होते तर तुझे बाबा नेमके मोरीवर. वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “कोठी चालली, क्रिकेट खेळाले?” मी म्हटलं, डॉक्टरने व्यायाम सांगितला आहे. त्यांनी मान हलवली. देवकाबाईने तर शेजारच्या ओट्यावरून विचारलं, पोरगा दूर गेला म्हणून डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला. तिला म्हटलं, झाला असेल, मला बरं वाटतं आहे.

आणि खरंच बरं वाटतं आहे. पुलगावच्या स्टेशनावर मी त्या पॅन्टमध्ये उभी राहते, खिशात तिकीट. साडीला खिसा नसतो हे सत्तावन्न वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मशीनचं सांगते. ते आपण म्हणू ते करत नाही, लिहू ते करतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी कोरायची खोली तीन मिलिमीटरऐवजी तेहेतीस लिहिली होती. मॅडमनी स्पिंडल चालू न करता आधी हवेतच फिरवून बघायला लावलं, म्हणून कळलं. नाहीतर टेबलच कोरलं असतं. आता मी प्रत्येक वेळी आधी हवेत फिरवते. पोरी कंटाळतात, म्हणतात, काकूंचं मशीन आधी देवदर्शन करून येते.

तिसऱ्या शनिवारी फळीच्या तुकड्यावर नाव कोरायचं होतं. सगळ्यांनी आपापलं कोरलं. मी पण. धुरपता. रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे माझं नाव दुसऱ्या कोणाच्या नावाखाली आहे. हे एकटंच होतं आणि लाकडात होतं. ते मी पिशवीत आणलं आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवलं आहे.

पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एक नियम लिहिला होता. त्याविषयी मला तुझ्याशी बोलायचं आहे. आज नाही.

तुझी आई

&nbsp;

नाचणगाव
९ मार्च २०२५

रत्नदीप,
जय भीम.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. दोन फाडली.

फळ्यावरचा पहिला नियम असा होता. ‘फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नाहीत.’ एका पोरीने विचारलं, मॅडम, मोज्याने तर हात वाचतो ना? मॅडम म्हणाल्या, “उघड्या हाताले लागलं तर कापते. मोजा अडकला तर ओढून घेते. हात मागं घ्याची सवड नाई देत.” सगळ्या लिहून घेत होत्या. मी पेन खाली ठेवला.

त्या डिसेंबरात थंडी फार होती, तुला आठवत असेल. बाबांचे हात फुटले होते. सकाळी लोखंडाला हात लावला की सणक जायची. मी पुलगावच्या बाजारातून लोकरीचे मोजे आणले, तपकिरी. त्या सकाळी तू मशीनवर काम लावलंस, तुझा फोन आला म्हणून बाहेर गेलास. तेवढ्यात मी चहा घेऊन दुकानात आले आणि मोजे त्यांच्या हातात घातले. त्यांना नको होते. “काम करू दे न,” म्हणाले. मी म्हटलं, घाला गपचूप. आणि घरात गेले. काम संपून मशीनचा आवाज उतरत होता, तो मी ऐकला. स्पिंडल अजून फिरत होतं हे मला माहीत नव्हतं. बाबा भुसा झाडायला गेले.

दवाखान्यात नर्सने मोजा कापून काढला, तो मी पदरात घेतला आणि कुणाला दाखवला नाही. चुलीत घातला.

त्यानंतर तू त्यांना म्हणालास, हात घालू नका म्हणून शंभरदा सांगितलं होतं. ते तुला म्हणाले, तुझ्या मशीननं माझं बोट खाल्लं. तू किल्ली घेऊन गेलास. मी मधे उभी होते आणि मी बोलले नाही. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तुम्ही दोघं माझ्यावर रागावला असतात, एकमेकांवर नाही. मला ते नको होतं. एवढी साधी गोष्ट होती.

मशीन शिकायला गेले ती यासाठी. मला बघायचं होतं की माझ्या हातून नेमकं काय झालं. ते बघितलं. आणि रत्नदीप, ते बघितल्यावर मला त्या मशीनचा राग आला नाही. ते आवडायला लागलं. याची लाज वाटली पाहिजे की नाही मला कळत नाही.

दुसरी किल्ली कंट्रोल बॉक्सच्या दाराला आतून चिकटवलेली असते, हे मॅडमनी सांगितलं. आपल्याही मशीनला होती. बाबा कट्ट्यावर गेले की मी ताडपत्री काढते. तीन आठवडे झाले.

बाबांना यातलं काही माहीत नाही. मोज्यांचंही, मशीनचंही. तुला आधी सांगितलं.

आई

&nbsp;

नाचणगाव
६ एप्रिल २०२५

प्रिय रत्नदीप,
जय भीम.

तू फोन केलास त्या दिवशी मी नीट बोलू शकले नाही, बाबा जेवत होते. मधे तर मला वाटलं खरंच रेंज गेली. मग तू म्हणालास, “आई, मोजे तू दिले असशील. पण चालू मशीन सोडून फोनवर बोलत मी गेलतो. ते मी कोणाले सांगतलं नाई.” म्हणजे सव्वा वर्ष तू होसूरला बसून हेच करत होतास आणि मी इथे तेच करत होते. आपण मायलेक शोभतो.

तू मला ओरडशील असं वाटलं होतं. तू विचारलंस, “गॉगल घालतेस ना? कानाले लावतेस ना?” घालते. लावते. तोंडाला मास्कही. केस तुझ्या टोपीत.

आता इकडची हकिकत. पहिली म्हणजे बाबांना कळलं. कट्ट्यावरून लवकर परत आले, दारात उभे राहिले, आणि मी कानाला लावलेलं असल्यामुळे मला पत्ताच नाही. काम संपलं, स्पिंडल थांबलं, मेन बंद केली, वळले तर हे. मला वाटलं आता ताडपत्री माझ्यावर घालतात. ते जवळ आले, कोरलेल्या फळीवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काठाले कुसळ राह्यलं. पॉलिश पेपर मार.” आणि घरात गेले. दुसऱ्या दिवसापासून कट्टा बंद. स्टूल घेऊन दुकानात बसतात आणि लाकडाच्या चुका काढतात.

दुसरी म्हणजे काम आलं. आपल्या विहाराचं नवं दार. तुझ्या वर्गातला अंकुश आता कमिटीत आहे. त्याने विचारलं, काका करतील का. बाबा म्हणाले, “काका नाई करत. काकू करते. काका फक्त सागवान पाहून देते.” दोन पल्ले, प्रत्येकावर पिंपळाच्या पानांची वेल, बुद्ध पौर्णिमेला बसवायचं. नक्षी रूपाली मॅडमकडे बसून मी काढली, पान आपल्या विहारामागच्या पिंपळाचं, खरं पान कागदावर ठेवून.

आता तिसरी. ही सांगू की नको असा विचार दोन दिवस केला, पण लपवायची सवय मोडते आहे.

गेल्या बुधवारी दुसरा पल्ला लावला होता. फळी चारही बाजूंनी लोखंडी क्लॅम्पने दाबली, हवेत फिरवून बघितलं, कुठे अडत नाही. कानाला लावायचं घ्यायला मी कपाटाकडे गेले, तेवढ्यात बाबांना एक क्लॅम्प तिरका वाटला. त्यांनी तो सरळ केला, म्हणजे चार इंच आत सरकवला. मला दिसलं नाही. काम सुरू केलं. अकरा पानं झाली. बाराव्या पानाला बिट त्या क्लॅम्पच्या दिशेने जायला लागलं आणि मला चकाकलेलं लोखंड दिसलं.

मी विचार केला नाही. लाल बटणावर पंजा मारला. मशीन जागेवर थांबलं, बिट आणि क्लॅम्प यांत अंगठ्याएवढं अंतर. पण दांडा फिरतच होता. आणि बाबांना त्यांची चूक तेव्हाच दिसली. ते स्टुलावरून उठले आणि क्लॅम्प ओढायला तोच उजवा हात पुढे.

“हात मागं.”

बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्या माणसाशी अशा आवाजात बोलले नव्हते. रूपाली मॅडमचा आवाज माझ्या तोंडातून आला. त्यांचा हात हवेत थांबला. मग हळूच मागे गेला, पाठीमागे, शाळेत उभं केल्यासारखा. स्पिंडल थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच. मी मनात मोजत होते, चौदा सेकंद. तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नव्हतंस, आता मला माहीत आहे.

ते म्हणाले, “क्लॅम्प म्या सरकवला.”

मी म्हटलं, “मोजे मी घातले होते.”

त्यांना कळलं नाही आधी. मग कळलं. मी सगळं सांगितलं, चुलीत घातलेल्या मोज्यासकट. ते ऐकत उभे राहिले. मग घरात गेले. मी मेन बंद केली आणि त्या फळीजवळ खाली बसले, आता काय होईल ते होवो म्हणून.

पंधरा मिनिटांनी ते चहा घेऊन आले. रत्नदीप, तुझ्या बाबांनी केलेला चहा. आलं घातलं होतं, साखर विसरले होते. दोघांनी बसून तसाच प्यायला.

बारावं पान अर्धं राहिलं होतं. मी म्हटलं, मशीन परत शून्यावर, म्हणजे सुरुवातीच्या जागेवर, आणून उरलेलं कोरते. ते म्हणाले, “राहू दे. एवढं मी करतो.” आणि जुनी पटाशी काढली. अर्ध्या बोटाने, वाकत नाही त्या करंगळीने. पहिल्या दिवशी पानाची एक शीर झाली. हात दुखला तर रागावले, माझ्यावर नाही, हातावर. आज पाचवा दिवस आहे आणि दुकानातून पटाशीवर मोगरी ठोकण्याचा आवाज येतो आहे. मी मुद्दाम खिडकीजवळ बसून लिहिते आहे.

तुझी आई

&nbsp;

नाचणगाव
१४ मे २०२५

प्रिय रत्नदीप,
जय भीम.

व्हिडिओ कॉलवर तुला अर्धं अंकुशचं डोकंच दिसलं असेल, म्हणून सगळं लिहिते.

दार बसलं. सकाळी सात वाजता दोन्ही पल्ले हातगाडीवर ठेवून नेले. बाबा पुढे, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ‘सांभाळा’ म्हणत. बिजागऱ्या त्यांनीच बसवल्या. दार पहिल्यांदा ओढलं तेव्हा जरा कुरकुरलं. बाबांनी कान लावला, वरच्या बिजागरीचा एक स्क्रू सैल केला, पुन्हा ओढलं. मग एका बोटाने ढकललं तरी मिटायला लागलं, आवाज न करता. तिथल्या तिथे वीसेक लोकांनी ते उघडून मिटून बघितलं. पूजा सुरू व्हायला त्यामुळेच उशीर झाला.

वंदना झाल्यावर खीर वाटली. पोरांनी खेळ काढला, कोणतं पान हाताने कोरलं आहे ते ओळखायचं, कारण बाबांनीच ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एकालाही ओळखता आलं नाही. देवकाबाई ठामपणे चुकीच्या पानावर हात ठेवून बाबांचं कौतुक करत म्हणाली, “हे लहानूचं, पाह्य न कसं जिवंत आहे.” ते माझं होतं. तिचं ते वाक्य मी आता वर्षभर पुरवून वापरणार आहे.

अंकुशने माइकवर आभार मानले. म्हणाला, दाराचं काम धुरपताबाईंनी मशीनवर केलं. टाळ्या झाल्या. मी त्या दिवशी पांढरी साडी नेसले होते आणि हात ठेवायला खिसा नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं कळेना. बाबा शेजारी उभे होते. ते सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्यावर सुद्धा दोन वाजवल्या.

रूपाली मॅडम आल्या होत्या. त्यांनी आधी दार बघितलं नाही, आपलं दुकान बघायला मागितलं. भुसा ओढणारा पाइप कुठे, आग विझवायचं सिलिंडर कुठे, लाल बटणापर्यंत वाट मोकळी आहे का. एक खोकं वाटेत होतं, त्याबद्दल बोलणी खाल्ली. मग म्हणाल्या, जूनपासून नवी बॅच आहे, पहिला तास काकूंनी घ्यायचा. मी म्हटलं, मला शिकवता येत नाही. त्या म्हणाल्या, “तुमाले जे माहीत आहे ते फळ्यावर लिहून नाई होत. तुमीच सांगा.” मी हो म्हटलं. मोज्यांची गोष्ट सांगेन.

तुझी किल्ली तू पोस्टाने पाठवलीस, ती मिळाली. पाकिटात नुसती किल्ली, एक शब्द नाही. पण पाकिटावर नाव बाबांचं होतं. ते पाकीट त्यांनी फोडलं, किल्ली मला दिली आणि पाकीट खिशात ठेवलं.

खाली ते लिहिणार आहेत. मला वाचू देत नाहीत. माझ्याकडे पाठ करून बसले आहेत, अर्धा तास झाला.

तुझी आई

&nbsp;

रत्नदीप,
जय भीम.

हे मी सोता लिहून राह्यलो. अक्षराले हसू नोको, पेन दोन बोटांत धरतो.

तुझ्या मायनं मले मोज्याचं सांगतलं. तू फोनवर काय म्हणला तेई सांगतलं. अर्धी चूक तिनं घेतली, अर्धी तू घेतली. हात माझा होता. तू शंभरदा हात घालू नोका म्हणलं होतं, शंभरदा मी ऐकलं होतं, अन् तरी घातला. हे मले दवाखान्यातच माहीत होतं. तुले जे बोललो ते मशीनले बोलाले पाह्यजे होतं, नाई तं आरशाले. तुमी मायलेकांनी सारी चूक वाटून घेतली, मले काईच ठेवलं नाई. माझी मले वापस द्या.

बाकी बरं आहे. वायगावच्या एका माणसानं देवळाच्या दाराचं विचारलं, अन् शाळेच्या बाकांचंई आहे. दुकान लहान पडते. मागची भित पाडाव लागन. तुझी माय म्हणते मशीन खिडकीकडे न्याव, मी म्हणतो दाराकडे. तिनं खडूनं जमिनीवर आखून बी ठेवलं. मले त्या खडूच्या आत येऊ देत नाई, मशीन बंद असलं तरी.

जूनमध्ये सुट्टी भेटत असन तं येजो. घरात तिले नाई म्हणणारा एक माणूस पाह्यजे. माझ्याच्यानं आता होत नाई.

तुझा बाप
लहानू